किल्ली कोणाच्या कमरेला?

खेडहून शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाबळ नावाचे गाव आहे. मुलूख कोरडा, माणसे कष्टाळू, आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर माहीत असण्याचे कारण एकच: तेथे मस्तानीची कबर आहे. कोणी तिला समाधी म्हणतो, कोणी मजार म्हणतो. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावांनी तिला इनाम दिली होती आणि तिचा शेवटही पाबळातच झाला, असे परंपरा सांगते.

माझ्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्याने मस्तानीचे नाव काढले की वाचकांच्या मनात एकच गोष्ट येते. पान खाल्ले तर रस गळ्यातून उतरताना दिसावा असा नितळ वर्ण, घुंगरांचा आवाज, वाड्यातील रुसवे-फुगवे! खरे सांगायचे तर मीही काही वर्षांपूर्वी याच आशेने एक कोरी वही घेऊन पाबळास गेलो होतो. वही कोरीच राहिली. पुढे शाळेची सहल घेऊन पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा मात्र त्या वहीत पहिली ओळ पडली. आणि ती कादंबरीची नव्हती, एका प्रश्नाची होती.

मी मुलांना नेहमीची हकीकत सांगत होतो. बाजीराव मोहिमेवर गेले, घरच्यांनी मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवले, आणि नर्मदेकाठी रावेरखेडीस 28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव वारले. मागल्या ओळीत बसलेली सातवीतील एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, तिचा गुन्हा काय होता?"

मी म्हणालो, "गुन्हा काही नव्हता, बाळ."

"मग तिनं कोर्टात का नाही सांगितलं?"

मुले हसली. मीही हसलो. परतीच्या एस.टी.त मात्र ते हसू माझ्या घशाशी अडकले. त्या पोरीने जे विचारले होते, ते राज्यशास्त्राच्या साऱ्या ग्रंथांचे सार होते. ज्याने कोंडले त्याच्या पुढे जाऊन, 'याने मला का कोंडले ते याला विचारा' असे ज्याला सांगता येईल, असा दुसरा कोणी राज्यात आहे की नाही? दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय थोडा जड वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु दारे उघडी ठेवून दिवे लावण्याच्या या दिवसांत, बंद दाराची गोष्ट ऐकावयास हरकत नसावी.

प्रथम हकीकत नीट पाहू. मस्तानी ही बुंदेलखंडच्या छत्रसाल राजाची कन्या. 1729 साली बंगषाच्या वेढ्यातून बाजीरावांनी छत्रसालास सोडविले, त्यानंतर ती पुण्यास आली. 1730 साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, आणि त्या वाड्यात पुढे तिच्यासाठी वेगळा महाल झाला. 1734 साली तिला मुलगा झाला. तोच पुढे 1761 साली पानिपतावर लढून घायाळ होऊन मेलेला समशेरबहाद्दर. घरच्या मंडळींना हा संबंध मान्य नव्हता. 1739 च्या अखेरीस ती पुण्याहून निसटून बाजीरावांकडे पाटसला गेली. पाटस म्हणजे आपल्या दौंड तालुक्यातले. तेथून तिला परत आणण्यात आले, आणि 1740 च्या जानेवारीत तिला पुण्यात कैदेत टाकण्यात आले.

आता यातील मौज पाहा, मौज म्हणावयाची झाली तर! ज्यांच्या हुकमाने ती कैद झाली ते नानासाहेब त्या वेळी पेशवे नव्हते. एकोणीस वर्षांचा पेशव्यांचा मुलगा, एवढाच त्यांचा अधिकार. पेशवे होते बाजीराव. त्यांची या कैदेला संमती असणे शक्यच नव्हते. पेशव्यांच्या वर होते साताऱ्याचे शाहू छत्रपती. त्यांनाही हे पसंत नव्हते. तिला बळाने दूर करू नये, कैद करू नये, बाजीरावांचे मन दुखवू नये, असे महाराजांचे मत साताऱ्याहून चिटणिसांच्या पत्राने पुण्यास कळविण्यात आले होते. रियासतकार सरदेसाई यांनी हा सारा पत्रव्यवहार आपल्यापुढे मांडून ठेवला आहे. एवढेच नव्हे, तर स्वतः चिमाजीअप्पांनाही शेवटी शेवटी, भावाची अवस्था पाहून, तिला त्याच्याकडे पाठवून द्यावे असे वाटू लागले होते.

म्हणजे राजाला नको, प्रधानाला नको, कोंडणाऱ्यांपैकी एकालाही पुढे नकोसे झाले. आणि तरीही कुलूप लागले ते लागलेच! याचे कारण नानासाहेब दुष्ट होते असे नाही. तेच नानासाहेब पुढे मोठे कर्तबगार पेशवे झाले. कारण असे, की राज्यात इच्छा पुष्कळ होत्या, पण कुलूप उघडण्याचे ज्याचे कर्तव्य आहे असा माणूस नेमलेला नव्हता. किल्ली ज्याच्या कमरेला, न्याय त्याच्या मर्जीला.

यावर कोणी म्हणेल की आमच्या पूर्वजांना अधिकारांची वाटणी ठाऊकच नव्हती. हे मात्र मला कबूल नाही. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी आठ प्रधानांची कामे वेगवेगळी लावून दिली होती. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. यांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश सोडून बाकीच्या प्रधानांना वेळ पडली तर लढाईवरही जावे लागे. न्यायाधीश निराजी रावजी यांच्या हाती तलवार द्यावयाची नाही, हे त्या जाणत्या राजाने ठरविले होते. पदे वंशपरंपरेने चालवावयाची नाहीत, मोबदला रोख द्यावयाचा, हीदेखील त्याचीच दृष्टी. अर्थात या आठांच्या वर राजा होता, आणि शेवटचा शब्द त्याचाच होता. तरी कामाची वाटणी होती.

गावपातळीवर तर ही गोष्ट आपल्या हाडीमाशी खिळलेली होती. वसूल करी पाटील, आणि लिहून ठेवी कुलकर्णी. दोघांचे पटले नाही तरी चालेल, किंबहुना फार पटू नये, हाच त्यातला शहाणपणा. पेशवाईत परगण्यावर कमावीसदार जाई, तेव्हा त्याच्याबरोबर फडणीस, मुजुमदार असे दरकदार असत. कमावीसदाराला त्यांना आपल्या मर्जीने काढता येत नसे. आणि त्याने हिशेबात गडबड केली तर ती वर कळविणे हे त्यांचे काम असे. पैशाच्या बाबतीत आम्ही कोणावरही विश्वास टाकला नाही, आणि ते योग्यच केले.

पण इथेच तर माझे मन अडते. सरकारी खजिन्यातील रुपयाला राखणदार दोन होते. मस्तानीला एकही नव्हता. हिशेबाला दरकदार होते, माणसाला नव्हते.

शिवाय जी वाटणी होती, तीही टिकली नाही. 1713 साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली आणि पुढे ती एका घराण्यातच राहिली. 1749 च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले, आणि दुसऱ्याच वर्षी सांगोल्यास जो करार झाला त्याने राज्याची सूत्रे पुण्यास आली. साताऱ्यास शिक्का आणि मान उरला. आठांची कामे एकाच्या हाती गोळा झाली. गंमत अशी, की याच सुमारास, 1748 साली, फ्रान्समध्ये माँटेस्क्यू नावाचा पंडित आपल्या ग्रंथात बजावीत होता की कायदा करणारा, तो अमलात आणणारा आणि न्याय देणारा हे तिघे एकाच हाती आले तर माणसाचे स्वातंत्र्य उरत नाही. पाबळच्या कबरीवरची माती तेव्हा आठ वर्षांची जुनी झाली होती.

आता दुसरा प्रसंग. तो सर्वांना पाठ आहे, म्हणूनच त्यातले अर्धे आपण विसरतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. 'ध'चा 'मा' कोणी केला, ही कथा असो. चुलते रघुनाथराव गादीवर आले, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना तोंडावर सांगितले की या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे. शास्त्रीबुवांनी पद सोडले आणि पुणेही सोडले. शाळेत हा धडा शिकविताना दरवर्षी माझा आवाज चढतो, हे मी कबूल करतो.

परंतु धड्याचा उरलेला भाग असा: निकाल झाला, आणि दोषी गादीवरच बसला. शिक्षा देणारा निघून गेला, आणि शिक्षा झालेला दरबार भरवू लागला! पुढे सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी बारभाईंनी एकजूट करून नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंच्या नावे कारभार हाती घेतला. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. राघोबा इंग्रजांकडे गेले, युद्ध पेटले. 1783 साली कोपरगावी ते वारले. शास्त्रीबुवांचा निकाल न्यायाच्या पुस्तकात राहिला. तो अमलात आणावयास सारे मराठे राज्य रक्तबंबाळ झाले, तरी तो अमलात आला नाही.

याचा अर्थ रामशास्त्री थोर नव्हते असा कोणी करू नये. ते थोर होते, म्हणून तर आपल्याला कळले की थोर माणूस पुरत नाही. मस्तानीच्या वेळी सांगणारा नव्हता. नारायणरावांच्या वेळी सांगणारा निघाला, पण ऐकणे बंधनकारक नव्हते. राज्यघटना म्हणजे दुसरे काय? रामशास्त्र्यांचे धैर्य नसलेल्या सामान्य न्यायाधीशालाही तसा निकाल देता यावा, आणि राघोबाचा उन्मत्तपणा असलेल्या माणसालाही तो पाळावा लागावा, अशी केलेली पक्की बांधणी.

तिसरा प्रसंग पाबळच्या शेजारचाच. ज्या खेडहून आपण या रस्त्याला लागलो, त्याचे नाव आज राजगुरुनगर आहे. शिवराम हरी राजगुरू येथलेच. लाहोरच्या खटल्यात त्यांचे, भगतसिंगांचे आणि सुखदेवांचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. ते कसे झाले याकडे मात्र थोड्यांचे लक्ष असते. खटला लांबतो असे दिसताच 1 मे 1930 रोजी व्हाइसरॉयने एक वटहुकूम काढला आणि तीन न्यायाधीशांचे खास न्यायासन उभे केले. त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नाही! 7 ऑक्टोबर 1930 रोजी शिक्षा झाली, 23 मार्च 1931 रोजी फाशी झाली. ज्या इंग्रजांनी 1679 साली आपल्या देशात हेबियस कॉर्पसचा कायदा केला होता, कोंडलेला माणूस न्यायाधीशापुढे आणून उभा करा आणि कारण दाखवा असे आपल्या राजालाही बजावले होते, त्यांनीच येथे फिर्यादी, कायदेकर्ता आणि न्यायासन उभारणारा या तिन्ही भूमिका एकाच खुर्चीवर बसविल्या. वाड्यातील कुलूप आता छापील कागदाचे झाले होते, एवढाच फरक.

हे सारे भोगून झाल्यावर आपली घटना लिहिली गेली. 26 नोव्हेंबर 1949 रोजी ती स्वीकारली गेली आणि 26 जानेवारी 1950 पासून चालू झाली. संसद कायदा करील, मंत्रिमंडळ तो चालवील, न्यायालय तो तपासील. काही विषय दिल्लीचे, काही राज्यांचे, काही दोघांचे. 1993 पासून ग्रामपंचायतीलाही घटनेतच जागा मिळाली. आणि या सर्वांच्या बुडाशी एक साधी गोष्ट: कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घ्यावयाचे नाही, अटक केली तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावयाचे, आणि हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल. हे शेवटचे 32 वे कलम म्हणजे घटनेचा आत्मा, असे डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत सांगितले होते. तालुक्याच्या पातळीवरही एक मोठा बदल झाला. पूर्वी मामलेदारच वसूल करी आणि मामलेदारच फौजदारी न्यायही देई. मुंबई राज्यात 1951 च्या कायद्याने ही दोन कामे वेगळी करण्याचे ठरले.

इथेच लेख संपला असता तर सर्वांनाच बरे वाटले असते. परंतु चौथा प्रसंग राहिला, आणि तोही पाबळपासून दूरचा नाही. शेजारच्या खेड तालुक्यात कन्हेरसर नावाचे गाव आहे. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या घराण्याचे ते मूळ गाव. 1975 च्या जूनमध्ये आणीबाणी आली. हजारो माणसे चौकशीवाचून तुरुंगात गेली, आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने थांबविण्यात आला. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले की तरीही आम्ही कैद्याचे गाऱ्हाणे ऐकू. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. खन्ना यांनी सरकारच्या वकिलांना विचारले, की पोलिसाने एखाद्याला मारून टाकले तरी दाद नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर मिळाले. पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. त्या चौघांत न्या. चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध गेले. 1977 च्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाचा त्यांचा हक्क डावलला गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. रामशास्त्र्यांची वाट ती हीच.

निकालाची तारीख होती 28 एप्रिल 1976. बाजीराव गेले तीच तिथी नव्हे, पण तीच तारीख. मी शकुन मानणारा माणूस नाही. तरी ही तारीख फळ्यावर लिहिताना माझा खडू क्षणभर थांबला.

मात्र 1773 आणि 1976 यांत एक फार मोठे अंतर आहे. ते माणसांचे नव्हे, बांधणीचे. 1977 मध्ये लोकांनी मत देऊन सरकार बदलले. त्यासाठी पुरंदर लढवावा लागला नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने असे ठरले की आणीबाणीतही जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क थांबविता येणार नाही. आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तो 1976 चा निकाल रद्द ठरविला. तो गंभीर चुकीचा होता हे ज्यांनी निकालपत्रात लिहिले, ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वाड्यात मुलाने वडिलांच्या मर्जीविरुद्ध कुलूप लावले होते. येथे मुलाने वडिलांच्या हाताने लागलेले कुलूप काढले. वडिलांविषयी राग धरून नव्हे, तर खुर्चीचे काम तेच आहे म्हणून.

चौकशीवाचून स्थानबद्ध करण्याची तरतूद आजही आपल्या घटनेत आहे. तिला मुदतीची आणि सल्लागार मंडळाची वेसण आहे, इतकेच. तेव्हा सारे कसे छान झाले, असे म्हणून लाडू तोंडात टाकण्याची सोय नाही. घटना ही घरातल्या कुलपासारखी आहे: चांगली असली तरी रात्री कोणीतरी उठून ती ओढून पाहावी लागते.

त्या मुलीला मी पुढच्या सोमवारी वर्गात उत्तर दिले. म्हटले, "तेव्हा विचारायला जागा नव्हती. आज आहे. आणि कोंडलेल्या माणसाला स्वतः जाता आले नाही तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही जाता येते. त्याला बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज म्हणतात." शब्द मोठा होता, मी तो फळ्यावर तोडून तोडून लिहिला.

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मस्तानीसाठी तिच्या दासीनंसुद्धा अर्ज केला असता तर चाललं असतं?"

"चालले असते."

"आणि नानासाहेबांना उत्तर द्यावं लागलं असतं?"

"द्यावे लागले असते."

तिने वही उघडली आणि तो जोडशब्द नीट उतरवून घेतला. शुद्धलेखनाची एक चूक झाली होती. ती मी तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतली.